शुक्रवारची बोट

पाहुण्या वक्त्यांचा फोन आला तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. रस्ता बर्फानं बंद, गाडी निघत नाही, माफ करा. तनयनं फोन ठेवला आणि खोलीत डोकावून पाहिलं. नऊ माणसं ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकून वाट बघत बसली होती. दारावर त्यानंच सकाळी चिकटवलेला कागद होता: 'पॉलिनेशियाच्या बेटांवर जाताना – प्रवाशांसाठी सूचना'.

तनय वैद्य नागपूरचा. हॅलिफॅक्सला लायब्ररीचं शिक्षण घ्यायला आला आणि ते संपल्यावर याच लायब्ररीत कॉन्ट्रॅक्टवर लागला. समुद्र त्यानं वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, तोही विमानाच्या खिडकीतून. पण मॅनेजरबाई सुट्टीवर होत्या, माणसं बर्फ तुडवत आली होती, आणि त्यांना तसंच परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं. शेल्फवरचं एक जाडजूड ट्रॅव्हल गाइड काखेत मारून तो पुढे जाऊन उभा राहिला.

सुरुवात बरी झाली. प्रवाळाला अपाय करणार नाही असं सनस्क्रीन न्या. डास तिथे दिवसाही चावतात. नारळाच्या झाडाखाली झोपू नका. रविवारी सगळं बंद असतं, शनिवारीच ग्रोसरी करून ठेवा. आवाज जरा स्थिरावतोय असं वाटत असतानाच शेवटच्या रांगेतून एक हात वर आला.

निळ्या कामाच्या जॅकेटमधली मुलगी होती. कुरळ्या केसांवर बर्फाचे थेंब अजून विरघळत होते. तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही स्वतः गेला आहात का सामोआला?"

तनयनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसती उत्सुकता नव्हती. कुणीतरी आपल्याला वाट दाखवील म्हणून थांबलेल्या माणसाची नजर होती ती.

"हो," तो म्हणाला. "एकदा."

पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की आपण असं का म्हणालो. 

सगळे गेल्यावर ती टेबलापाशी आली. त्याच्या छातीवरचा बॅज वाचला आणि थेट मराठीत म्हणाली, "वैद्य… म्हणजे आपल्यातलेच की. मी आयव्ही तुस्कानो. वसईची. इथे बंदरापलीकडच्या डार्टमथच्या फेरीबोटीवर काम करते. दोर बांधायचे, माणसं चढवायची-उतरवायची."

"मी तनय. नागपूरचा."

"नागपूरचा माणूस सामोआला कसा पोचला?"

"असंच… फिरत फिरत," तनय म्हणाला. त्याचे कान गरम झाले.

"मग मला तुमचा थोडा वेळ हवाय," ती म्हणाली. "मी हौसेनं नाही जात आहे. जावं लागणार आहे."

*

पुढच्या रविवारी धक्क्याजवळच्या कॉफीच्या दुकानात तिनं त्याला सगळं सांगितलं.

तिचे वडील, सिरील तुस्कानो, मालवाहू जहाजावर इंजिन-रूममध्ये फिटर होते. आयव्ही नऊ वर्षांची असताना त्यांचं जहाज वादळात सामोआजवळच्या नुलेवा नावाच्या चिमुकल्या बेटावर खडकावर आदळलं. गावातल्या माणसांनी होड्या घालून अकरा खलाशी किनाऱ्यावर आणले. सिरीलच्या छातीला मार बसला होता; ते तिसऱ्या दिवशी गेले. ज्या घरात त्यांना ठेवलं होतं त्या घरातल्या फेतू नावाच्या बाईनं त्यांना आपल्याच अंगणात पुरलं.

"तिथे घरच्या माणसांना दारासमोर पुरतात," आयव्ही म्हणाली. "माझ्या पप्पांना तिनं घरचं मानलं. दर नाताळाला तिचं पत्र येतं, सिरीलला फुलं वाहिली म्हणून. या वर्षी पत्र आलं ते तिच्या नातीच्या अक्षरात. आजीचं आता काही खरं नाही, ती सारखी विचारते, सिरीलची माणसं कधी येणार." तिनं कपाभोवती दोन्ही हात घट्ट धरले. "आईचे गुडघे गेलेत. तिला नाही जमणार. मला नऊ दिवसांची सुट्टी मिळालीय, मार्चमध्ये. एकटीनं जायची भीती वाटते. तुमचं बोलणं ऐकलं आणि वाटलं, चला, तिथे जाऊन आलेला एक तरी माणूस भेटला."

खरं सांगायची हीच वेळ होती. तनयनं तोंड उघडलंही. पण ती त्याच्याकडे पाहून इतकं मोकळं हसली, की त्याच्या तोंडून भलतंच निघालं – "काळजी करू नका. मी आहे ना."

मग रविवारमागून रविवार ते भेटत राहिले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती वहीत नंबर घालून सूचना लिहून घ्यायची आणि तो आदल्या दिवशी गाइडमधून पाठ केलेलं सांगायचा. रात्रीची झोप उडाली होती. प्रत्येक सूचनेला तिचा नवा प्रश्न असे आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचं छोटंसं नवं खोटं.

"तिथलं पाणी कसं असतं रे?" एकदा तिनं विचारलं. दोघं तिच्या फेरीवरून डार्टमथला निघाले होते. तिची सुट्टी होती. वारा झोंबत होता आणि तनय कठडा धरून उभा होता.

"निळं."

"ते पोस्टकार्डावर पण दिसतं. तुला कसं वाटलं?"

"छान… खूप निळं."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. "तुला मळमळतंय का?"

"छे. थंडी आहे जरा."

"आलं चघळ," ती म्हणाली आणि खिशातून आल्याच्या वड्यांची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. तिची बोटं त्याच्या तळव्यावर हवी त्यापेक्षा जरा जास्त वेळ थांबली. "माझी टीप आहे ही. तुझ्या यादीत नव्हती."

त्या दिवशी बसमधून घरी जाताना तनयला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच जागी, बरगड्यांच्या खाली.

*

तिकीट काढायच्या आधी तिनं फोन त्याच्यासमोर धरला. "हे बघ. मंगळवारी निघायचं, व्हँकुव्हर, मग ऑकलंड. सामोआला शुक्रवारी दुपारी पोचणार असं दाखवतंय. पण नुलेवाची बोट शुक्रवारी सकाळचीच आहे. आठवड्यातून एकच, परतीची मंगळवारी. मग हे चालणार नाही ना?"

तनयला गाइडमधलं पान स्पष्ट आठवलं. सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अलीकडे, ऑकलंडच्या एक दिवस मागे. "चालेल," तो म्हणाला. "तिथे एक दिवस मागे असतं. ऑकलंडहून शुक्रवारी निघशील आणि पोचशील तेव्हा तिथे गुरुवार असेल. सगळे गोंधळतात यात."

"नक्की? तिकिटावर तिथलीच तारीख असते ना?"

"नक्की."

तिनं क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

तिला निघायला तीन दिवस उरले असताना, शनिवारी दुपारी, तनय जुनी पुस्तकं बाद करायच्या कामावर होता. गाडीवर ढीग रचता रचता तेच ट्रॅव्हल गाइड हाताला लागलं. त्यावर मॅनेजरबाईंची पिवळी चिठ्ठी होती: 'जुनी आवृत्ती, काढून टाका. सामोआनं २०११च्या शेवटी तारीख बदलली. हे पुस्तक त्याच्या आधीचं.'

त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग कॉम्प्युटरवर पाहिलं. सामोआनं डिसेंबरातला एक अख्खा दिवस गाळला होता आणि देश रेषेच्या पलीकडे गेला होता. आता तिथे ऑकलंडचीच तारीख. तिकीट बरोबर होतं. आयव्ही शुक्रवारी दुपारीच पोचणार होती, बोट सुटल्यावर काही तासांनी. पुढची बोट पुढच्या शुक्रवारी, आणि तोवर तिच्या परतीचं विमान.

तनयनं पुस्तकांची गाडी तिथेच सोडली. कोट चढवला आणि धक्क्याकडे पळत सुटला.

*

तिची ड्यूटी चालू होती. दोर सुटला, फेरी हलली, आणि ती कठड्याचं दार लावून वळली तर समोर तनय. डोक्यावर टोपी नव्हती.

"आयव्ही, मला सांगायचंय."

"बारा मिनिटं आहेत," ती हसत म्हणाली. "सांग."

"मी सामोआला कधीच गेलो नाही."

ती हसायची थांबली नाही. "माहीत आहे."

"काय?"

"अरे, या बंदरात तुझा चेहरा पांढरा पडतो. तू म्हणे उघड्या होडीतून बेटं फिरलास. मी खलाशाची पोर आहे, तनय." तिनं हातमोजा काढून केस मागे सारले. "मी वाट बघत होते, तू कधी सांगतोस त्याची. मजा वाटत होती थोडी. आणि थोडं… बरंही वाटत होतं, की कुणीतरी माझ्यासाठी इतकं पाठ करून येतं."

तनयला क्षणभर वाटलं, इथेच थांबावं. पुढचं बोलूच नये. पण फेरी अर्ध्यावर आली होती.

"तारखेचं चुकलं माझं," तो म्हणाला. "पुस्तक जुनं होतं. तू शुक्रवारी दुपारी पोचणार आहेस. बोट गेलेली असेल."

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. डार्टमथचा धक्का जवळ येत होता.

"आयव्ही…"

"मी तुला विचारलं होतं," ती अगदी हळू म्हणाली. "नक्की का, म्हणून विचारलं होतं. तू कधी गेला नाहीस हे मला कळत होतं. पण ज्या गोष्टीत माझा जीव अडकलाय, त्यात तरी तू माहीत नसताना 'नक्की' म्हणणार नाहीस असं वाटलं होतं मला."

फेरी धक्क्याला लागली. ती वळली, दोर उचलला, खुंटाला दोन वेढे दिले. माणसं उतरू लागली. तनय शेवटी उतरला. तिनं मान वर करून पाहिलं नाही.

*

संध्याकाळी तिचा एकच मेसेज आला. 'तिकीट बदललं. उद्या संध्याकाळी टोरोंटोला निघते, पुढची सगळी विमानं एक दिवस आधीची मिळाली. गुरुवारी पोचते. सोडायला येऊ नकोस.'

तो गेला नाही. पण रविवारी दुपारभर तो खिडकीशी उभा होता. रात्रीपासून मोठ्या बर्फाचा इशारा होता आणि विमानं रद्द होऊ लागली होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी फोनवर तिच्या विमानापुढे 'निघालं' असं दिसलं तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला. तासाभरात बाहेर काही दिसेनासं झालं.

बसून राहिला असता तर वेड लागलं असतं. तिला सांगितलेल्या सगळ्या सूचना त्यानं त्याच क्रमानं आठवून कागदावर लिहिल्या. सत्तावीस होत्या. सोमवारी शहर बंद होतं, लायब्ररी बंद होती. बेसमेंटमधल्या आपल्या खोलीचं दार उघडावं म्हणून त्यानं दोनदा फावड्यानं बर्फ बाजूला केला आणि उरलेला सगळा वेळ एकेक सूचना नव्यानं तपासली. हॅलिफॅक्सला दुपारचे चार वाजले की सामोआत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ होतात. चारच्या ठोक्याला त्यानं तिथल्या चर्चच्या ऑफिसात फोन लावला. तिथून एका शाळेचा नंबर मिळाला, शाळेतून एका दुकानाचा, दुकानातून नुलेवाच्या बोटवाल्याच्या, शहरात राहणाऱ्या बहिणीचा. प्रत्येक ठिकाणी तो तेच सांगत होता – एक मुलगी येतेय, तिचे वडील तुमच्याकडे आहेत.

बोटवाल्याच्या बहिणीनं मागचा रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "सिरीलची मुलगी?"

"हो."

"फेतू माझी आजी," ती म्हणाली. "पत्र मीच लिहिलं होतं."

तनयनं पेन हातात घेतलं. पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. तिनंच सांगितलं, की बोट आता जुन्या धक्क्यावरून सुटत नाही. मासळीबाजारामागच्या धक्क्यावरून सुटते, आणि सातला नाही, सहाला.

त्यानं आयव्हीला मेसेज पाठवायला सुरुवात केली. तिनं वाचावेत अशी अपेक्षा नव्हती, पण पाठवले.

'बोट सहाला. मासळीबाजारामागचा धक्का. फेतूच्या नातीशी स्वतः बोललो. ती तिथे उभी असेल.'

'सूचना ४ चुकीची होती. तिथे भरती-ओहोटीचा फरक फार नसतो. पण खाडीच्या तोंडाशी ओढ असते, पोहू नकोस.'

'बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकून "तुलो" म्हणायचं. हे चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं.'

'संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गावात चालायचं नाही, जिथे असशील तिथे थांबायचं.'

'घरात जाताना बूट काढायचे. हे तुला सांगायला नको. वसईत पण काढत असतील.'

'सूचना १९ मला कुठेच सापडली नाही. बहुतेक मीच बनवली होती.'

बुधवारी सकाळी ऑकलंडहून पहिल्या मेसेजपुढे निळी खूण आली. बाकीच्यांपुढे नाही. उत्तर तर नाहीच.

मग काहीच आलं नाही. शुक्रवार गेला. शनिवारी बातम्यांत सामोआच्या बाजूला जोराचा पाऊस आणि खवळलेला समुद्र दिसला, आणि तनयच्या हातातला कप तसाच राहिला. बोट सुटली असेल का? सुटली असेल तर ते वाईट की चांगलं? वडील त्याच पाण्यात… त्यानं विचार तिथेच तोडला. रविवारी त्याला लायब्ररीत एका आजोबांनी विचारलं, की बरा आहेस ना, आणि तो हो म्हणाला. सोमवारी त्यानं चार वाजता त्या दुकानात पुन्हा फोन लावला. फोन कुणी उचलला नाही.

मंगळवारी सकाळी, तो दात घासत असताना, फोन वाजला. चार ओळी होत्या.

'पोचले होते. आता परत शहरात आलेय. तिथे नेटवर्क नव्हतं. बुधवारी रात्री साडेआठला हॅलिफॅक्स. येशील का?'

*

विमानतळावर ती दारातून बाहेर आली तेव्हा त्यानं तिला आधी ओळखलंच नाही. उन्हानं काळवंडली होती आणि नाकाची साल निघाली होती. हिवाळी कोट हातावर टाकलेला. त्याच्यासमोर येऊन ती बॅगेच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"बोट मिळाली?" त्यानं विचारलं. दहा दिवस अडकलेला प्रश्न होता.

"मिळाली. मासळीबाजारामागून." ती जरा थांबली. "ती मुलगी पाटी घेऊन उभी होती. पाटीवर माझं नाव नव्हतं. पप्पांचं होतं."

तनयनं मान हलवली.

"फेतू अंथरुणावर होती," आयव्ही म्हणाली. "मला वाटलं, ओळखणार नाही. तिनं माझ्या केसांना हात लावला आणि म्हणाली, सिरीलचे केस असेच होते. मग सगळं सांगत बसली. पप्पा शेवटी काय बोलले ते पण. माझं नाव घेत होते, तनय. ती म्हणाली, इंग्रजीत आयव्ही म्हणजे वेल, म्हणून आम्हाला वाटायचं तो कुठल्या तरी वेलीबद्दल बोलतोय. नंतर पत्रातून कळलं, की ती मुलगी आहे." तिनं डोळे पुसले, पण पालथ्या हातानं, घाईत, काम करताना घाम पुसावा तसे. "ती रविवारी संध्याकाळी गेली. प्रार्थना चालू असताना. मी हात धरला होता. पप्पांच्या शेजारीच ठेवलं तिला."

तनयच्या मनात एक हिशेब आपोआप झाला. पुढची बोट पुढच्या शुक्रवारी होती. तोवर फेतू नव्हती.

"माझ्यामुळे…" तो म्हणाला. "मी तुला जवळजवळ…"

"हो. तुझ्यामुळे मी जवळजवळ पोचले नसते. आणि तुझ्यामुळेच पोचले." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "दोन्ही खरं आहे. मी विमानात बरंच भांडले तुझ्याशी. मनातल्या मनात. मग बाकीचे मेसेज वाचले. एकोणीस नंबरचा वाचून शेजारचा माणूस बघायला लागला, इतकी हसले."

"मला माफ कर."

"ते केलं. वेगळंच विचारायचंय." तिनं बॅगेचा दांडा सोडला. "फेतूनं मला विचारलं होतं, माझ्या नातीला फोन करणारा तो मुलगा कोण. मी म्हटलं, एक खोटारडा आहे. ती म्हणाली, तो तुझा कोण? मी म्हटलं, अजून विचारलं नाही. तर म्हणाली, इतक्या लांब येऊन माणसाला भेटायची हिंमत आहे तुझ्यात, मग हे विचारायला काय होतं?" तिनं कोट दुसऱ्या हातावर घेतला. "म्हणून विचारते. मी तुझी कोण, तनय?"

आजूबाजूनं माणसं बॅगा ओढत जात होती. या वेळी तनयला उत्तर कुठून पाठ करून आणायचं नव्हतं.

"तू गेल्यापासून मला जेवण गेलं नाही," तो म्हणाला. "बातम्यांत समुद्र दिसला की उठून उभा राहत होतो. मला वाटतं, मला तू आवडतेस. वाटतं नाही… आवडतेस. खूप दिवसांपासून. बाकी मला काही माहीत नाही."

आयव्हीनं बॅग बाजूला सरकवली. मग एक पाऊल पुढे आली आणि कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं. तिच्या केसांना अजून मिठाचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता.

"पुरे आहे तेवढं," ती म्हणाली.

बाहेर उणे चौदा होतं. त्यानं तिच्या हातावरचा कोट घेऊन तिला घातला, चेन वरपर्यंत ओढली, आणि दोघं बसच्या थांब्याकडे निघाले. बस यायला बावीस मिनिटं होती. दोघांनाही ती कमी वाटली.